इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ आणि त्यांच्या उगमकथा : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

'किक' म्हणजे लाथ मारणे आणि 'बकेट' म्हणजे बादली, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यालाही 'किक द बकेट' म्हणजे मरणे, हे वेगळे सांगावे लागते. घटक शब्दांच्या अर्थांची बेरीज करून ज्याचा अर्थ हाती लागत नाही तो वाक्प्रचार, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. मराठीतही स्थिती वेगळी नाही. 'पाचावर धारण बसणे' हा प्रयोग अचूक करणाऱ्या कित्येकांना 'धारण' म्हणजे काय आणि पाच कसले हे सांगता येणार नाही. तरीही त्यांचे अडत नाही, कारण तो प्रयोग त्यांनी लहानपणापासून कानाने ऐकलेला असतो. परकीय भाषेच्या बाबतीत मात्र हा कानाचा आधार नसतो. त्यामुळे 'असे का म्हणतात?' हा प्रश्न वर्गात हमखास उभा राहतो आणि त्याच्या उत्तरादाखल एखादी गोष्ट सांगितली जाते.

अशी गोष्ट स्मरणास मदत करते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती केवळ गोष्ट नसते. अमुक शतकात अमुक प्रथा होती आणि तीतून हा वाक्प्रचार निघाला, असे विधान तीत अंतर्भूत असते. हे विधान इतिहासाचे आहे. तेव्हा त्यास इतिहासाच्याच कसोट्या लावणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत निबंधात काही परिचित इंग्रजी वाक्प्रचारांच्या उगमकथा या दृष्टीने तपासल्या आहेत.

व्युत्पत्ती आणि प्रवृत्ती

या प्रश्नाची तात्त्विक बाजू भारतीय साहित्यशास्त्रास अपरिचित नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द घेतला. कुश नावाचे गवत तोडणारा तो कुशल. त्या कामास हात कापू न देण्याची हुशारी लागते, म्हणून पुढे कोणत्याही कामात निपुण असलेला तो कुशल, अशी त्याची मांडणी होती. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हे मत खोडून काढले. शब्द कोणत्या धातूपासून बनला हे त्याचे व्युत्पत्तिनिमित्त, आणि तो लोकव्यवहारात कोणत्या अर्थाने योजला जातो हे त्याचे प्रवृत्तिनिमित्त. ही दोन भिन्न असतात, असे त्याचे म्हणणे. 'गो' शब्दाची व्युत्पत्ती 'जाणे' या धातूपासून लावतात म्हणून निजलेल्या गाईस गाय म्हणता येणार नाही काय, असा त्याचा बिनतोड सवाल आहे.

विश्वनाथाने शब्दाबद्दल म्हटले ते वाक्प्रचारास अधिकच लागू पडते. वाक्प्रचाराचा अर्थ प्रयोगावरून ठरतो. त्याचा उगम शोधणे हे स्वतंत्र काम आहे आणि त्याची साधनेही वेगळी आहेत. ही दोन कामे एकत्र केल्याने काय घोटाळे होतात, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

पुराव्याची साधने

इंग्रजी बोलीतील प्रयोगांची पद्धतशीर नोंद करणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत फ्रान्सिस ग्रोस याच्या १७८५ मधील गावंढळ बोलीच्या कोशाचा मान मोठा आहे. 'किक द बकेट' हा प्रयोग 'मरणे' या अर्थाने त्यात आढळतो. १८७० मध्ये ई. कोबम ब्रुअर याचा वाक्प्रचार व दंतकथांचा कोश प्रसिद्ध झाला. तो अत्यंत लोकप्रिय ठरला आणि आजही त्याच्या आवृत्त्या निघतात. पण ब्रुअरची वृत्ती संग्राहकाची होती, ऐकीव माहिती आणि पुरावा यांत तो नेहमीच फरक करीत नसे. खरे वळण मिळाले ते ऑक्सफर्ड कोशामुळे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये या कामाची कल्पना मांडली, जेम्स मरे १८७९ मध्ये संपादक झाले, पहिला भाग १८८४ मध्ये आणि अखेरचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक अर्थासाठी सालवार अवतरणे देण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे वाक्प्रचाराच्या इतिहासास प्रथमच कालक्रमाचा कणा मिळाला.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. पहिला लेखी प्रयोग म्हणजे पहिला प्रयोग नव्हे. बोलीतील शब्द कागदावर उतरण्यापूर्वी पिढ्यान्पिढ्या तोंडी वावरत असू शकतो. म्हणून केवळ सालावर निकाल देता येत नाही. आरंभीच्या प्रयोगांत तो कोणत्या अर्थाने, कोणत्या क्रियापदासह आणि कोणाच्या तोंडी येतो हेही पाहावे लागते. 'किक द बकेट'मधील 'बकेट' बादली नसून कापलेले डुक्कर उलटे टांगण्याची आडवी तुळई असावी, या मताकडे कोशकारांचा कल आहे. तुळई या अर्थाचा 'बकेट' शब्द शेक्सपिअरच्या नाटकातही आला आहे. गळफास घेणाऱ्याने पायाखालची बादली लाथाडल्याची कथा त्यामानाने डोळ्यांसमोर चटकन उभी राहते, आणि तिच्या लोकप्रियतेचे कारणही बहुधा एवढेच आहे.

गवती छपरावरची मांजरे

१९९९ मध्ये 'सोळाव्या शतकातील जीवन' अशा आशयाचा एक मजकूर ई-मेलद्वारे जगभर पसरला. त्याचा मूळ लेखक अज्ञात आहे. मुसळधार पावसासाठी इंग्रजीत रूढ असलेल्या 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' या प्रयोगाचा उगम त्यात असा सांगितला होता : त्या काळी घरांची छपरे गवताची असत, ऊब मिळावी म्हणून कुत्री-मांजरे त्यांत राहत, पावसाने छप्पर निसरडे झाले की ती घसरून खाली पडत.

गवताने शाकारलेले छप्पर पाहिलेल्या कोणालाही ही कथा पटू नये. पाणी बाहेरच्या बाहेर वाहून जावे यासाठीच ते रचलेले असते; पावसापासून आसरा शोधणारे कुत्रे त्याच्यावर चढून बसेल हे संभवत नाही. पण सामान्य व्यवहारज्ञान बाजूला ठेवून केवळ कालक्रम पाहिला तरी निष्कर्ष तोच निघतो. सोळाव्या शतकात हा प्रयोग आढळत नाही. हेन्री व्हॉन याच्या १६५१ च्या संग्रहात कुत्री-मांजरे वर्षण्याची कल्पना आहे. रिचर्ड ब्रोम याच्या १६५३ मध्ये छापलेल्या 'द सिटी विट' या नाटकात कुत्र्यांबरोबर मांजरांऐवजी पोलकॅट हा मुंगसासारखा प्राणी येतो. आजच्या रूपात हा प्रयोग जोनाथन स्विफ्टच्या १७३८ मधील उपरोधिक संवादग्रंथात भेटतो. उच्चभ्रू समाजाच्या संभाषणातील झिजून गुळगुळीत झालेल्या वाक्यांची चेष्टा करणे हा त्या ग्रंथाचा हेतू होता. त्यावरून तोवर हा प्रयोग चांगलाच शिळा झाला होता, असे अनुमान काढता येते. त्यापलीकडे पुरावा नेत नाही, आणि इतिहासकाराने तेथेच थांबणे इष्ट.

त्याच मजकुरात 'सेव्ह्ड बाय द बेल' या प्रयोगाचा संबंध जिवंत पुरलेल्या माणसाच्या शवपेटीस बांधलेल्या घंटेशी जोडला होता. येथे असत्याला सत्याचा आधार आहे, म्हणून ते अधिक फसवे आहे. जिवंतपणी पुरले जाण्याची धास्ती युरोपात खरोखरच होती आणि घंटा जोडलेल्या शवपेट्यांची एकस्वे एकोणिसाव्या शतकात घेतली गेली होती. मात्र वाक्प्रचाराचे आरंभीचे प्रयोग मुष्टियुद्धाच्या वार्तांकनात सापडतात. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती ठरवून दिली. पराभवाच्या उंबरठ्यावर असलेला मल्ल फेरी संपल्याच्या घंटेने वाचू लागला. प्रथा खरी असणे आणि वाक्प्रचार त्या प्रथेतून निघणे, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध कराव्या लागतात.

अंगठ्याचा नियम

या दोन गोष्टींची गल्लत किती गंभीर ठरू शकते हे 'रूल ऑफ थम' या प्रयोगावरून कळते. शास्त्रीय मोजमापाऐवजी अनुभवावर आधारलेला ढोबळ आडाखा, हा त्याचा अर्थ. स्कॉटिश धर्मोपदेशक जेम्स डरॅम यांच्या सतराव्या शतकाच्या मध्यावरील आणि १६८५ मध्ये छापल्या गेलेल्या प्रवचनांत तो आढळतो. नियमाने व मापाने न बांधता अंदाजाने बांधकाम करणाऱ्या गवंड्यांचा तेथे दृष्टान्त आहे. १६९२ मध्ये विल्यम होप याच्या पट्टेबाजीवरील ग्रंथातही शास्त्र न शिकता सरावाने केलेल्या कामासाठीच तो येतो. हाताच्या बोटांनी माप घेण्याची रीत सर्वत्र आहे. मराठीत वीत, चिमूट, ओंजळ आहेच. तेव्हा या अर्थासाठी आणखी कथेची गरज पडू नये.

तथापि विसाव्या शतकाच्या अखेरीस एक वेगळीच कथा प्रतिष्ठा पावली. अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने पत्नीस मारण्याचा अधिकार इंग्रजी कायद्याने पतीस दिला होता आणि त्यावरून हा वाक्प्रचार निघाला, अशी ती कथा. तिचे धागे सुटे करून पाहणे आवश्यक आहे. १७८२ मध्ये न्यायाधीश फ्रान्सिस बुलर यांनी असे मत व्यक्त केल्याचा बोभाटा झाला. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने त्याच वर्षी त्यांना काठ्यांच्या मोळ्या विकणारा 'जज थम' म्हणून रंगवले. मात्र बुलर यांचा तसा निकाल उपलब्ध नाही. ब्लॅकस्टोनच्या १७६५ ते १७६९ या काळात प्रसिद्ध झालेल्या सुप्रसिद्ध भाष्यात पतीच्या 'सौम्य शासना'च्या जुन्या अधिकाराचा आणि तो पुढे शंकास्पद ठरल्याचा उल्लेख आहे, अंगठ्याचा नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील १८६८ च्या ऱ्होड्स खटल्यात खालच्या न्यायाधीशाने अंगठ्याच्या जाडीचे माप मान्य केले. वरिष्ठ न्यायालयाने ते माप फेटाळले, पण आरोपी पतीची सुटका कायम ठेवली. पत्नीस मारण्याचा असा कोणताही अधिकार पतीस नाही, असे त्याच न्यायालयाने १८७४ च्या ऑलिव्हर खटल्यात म्हटले.

म्हणजे अंगठ्याएवढ्या काठीची समजूत खरोखरच प्रचलित होती, आणि काही न्यायाधीश ती मानीतही होते. 'रूल ऑफ थम' हा शब्दप्रयोग मात्र या खटल्यांत येत नाही, आणि तो या समजुतीच्या पहिल्या उल्लेखाहून शतकभर जुना आहे. दोहोंची गाठ १९७६ मध्ये पडलेली दिसते. डेल मार्टिन यांनी पतीकडून होणाऱ्या मारहाणीवरील आपल्या पुस्तकात काठीच्या नियमाचा उल्लेख करून त्यास जाता जाता 'अंगठ्याचा नियम' म्हटले. ती शाब्दिक कोटी होती. १९८२ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने पीडित स्त्रिया व न्यायव्यवस्था यांवरील अहवालास याच वाक्प्रचारावर बेतलेले शीर्षक दिले, आणि कोटीची व्युत्पत्ती झाली. पुढे अनेकांनी हा प्रयोग स्त्रीविरोधी म्हणून वर्ज्य मानला.

१९९४ मध्ये हेन्री अँसगर केली या अभ्यासकाने या साऱ्या धाग्यांची सविस्तर छाननी केली. त्याच वर्षी क्रिस्टिना हॉफ सॉमर्स यांनी स्त्रीवादावरील आपल्या टीकात्मक पुस्तकात ही चुकीची व्युत्पत्ती स्त्रीवादी संशोधनाच्या बेफिकिरीचा नमुना म्हणून पुढे केली. या वादात सर्वाधिक हानी झाली ती मूळ विषयाची. व्युत्पत्ती खोटी ठरताच ज्या हिंसेची ती साक्ष देत होती तीही काल्पनिक असल्याचा ग्रह होऊ लागला. वस्तुतः त्या हिंसेचे पुरावे न्यायालयांच्या दप्तरात भरपूर आहेत. त्यांना वाक्प्रचाराच्या कुबडीची गरज नव्हती. खऱ्या अन्यायाच्या बाजूने खोटा पुरावा उभा केला, तर तो उघडा पडण्याच्या दिवशी अन्याय करणाऱ्यासच उपयोगी पडतो.

भाषांतराची चूक आणि संदर्भाची साक्ष

काही वेळा वाक्प्रचाराचा उगम निर्विवाद असतो, परंतु तो उगमच चुकीचा असतो. स्पष्ट बोलण्यास इंग्रजीत 'कॉल अ स्पेड अ स्पेड' म्हणतात. प्लुटार्कने नोंदवलेल्या कथेत मॅसिडोनियाचा राजा फिलिप आपल्या लोकांबद्दल म्हणतो की, ही रांगडी माणसे काथवटीला काथवटच म्हणणार. मूळ ग्रीक शब्द लाकडी कुंडे किंवा काथवट या अर्थाचा आहे. लॅटिनमध्ये आणताना इरॅस्मसची नजर खणण्याच्या अवजाचे नाव असलेल्या सदृश शब्दाकडे गेली असावी. त्याने काथवटीचे फावडे केले. निकोलस युडॉलने १५४२ मध्ये इरॅस्मसचा ग्रंथ इंग्रजीत आणला आणि फावडे कायमचे झाले. पँडोराच्या पेटीचेही असेच. हेसिअडच्या काव्यात तो रांजण आहे. त्याची पेटी झाली ती इरॅस्मसच्या लेखणीने. आज कोणी 'पँडोराचा रांजण' म्हणू लागला तर तो शुद्ध ठरेल, पण कोणास कळणार नाही. विश्वनाथाचे प्रवृत्तिनिमित्त येथे निखळपणे सिद्ध होते. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत 'स्पेड' हा शब्द पत्त्यांतील इस्पिकाच्या काळ्या रंगावरून कृष्णवर्णीयांसाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला, त्यामुळे सोळाव्या शतकातील हा निरुपद्रवी प्रयोगही संशयास्पद ठरला.

आरंभीच्या प्रयोगातील एखादे क्रियापद कधी निर्णायक ठरते. नावडत्या पाहुण्यास मेंढीच्या खांद्याचे थंड मांस वाढीत, त्यावरून 'कोल्ड शोल्डर' हा प्रयोग आला असे सांगतात. वॉल्टर स्कॉटच्या १८१६ मधील 'द अँटिक्वेरी' या कादंबरीत तो स्कॉट बोलीत प्रथम भेटतो. तेथील सरदारपत्नी थंड खांदा 'दाखवते', वाढत नाही. आणि प्रसंग जेवणाचा नाही. ज्याला मराठीत पाठ फिरवणे म्हणतात त्याचाच हा खांद्यापुरता प्रकार.

'बाइट द बुलेट', म्हणजे वेदना मुकाट्याने सोसणे, याचा संबंध कधी कधी १८५७ च्या काडतुसांशी जोडला जातो. भारतीय वाचकास हे आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. पण ग्रोसच्या कोशाच्या अठराव्या शतकाअखेरच्या आवृत्तीतच फटके खाताना ओरडू नये म्हणून गोळी चावणाऱ्या सैनिकांचा उल्लेख आहे. उठावाच्या निदान सहा दशके आधीची ही नोंद.

भारतीय धागे

भारताशी जोडलेल्या उगमकथा मात्र सरसकट नाकारून चालणार नाही. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सुचवले की, बेफिकिरी दाखवणाऱ्या इंग्रजी प्रयोगांतील 'डॅम' हा शाप नसून मोगलांचे तांब्याचे नाणे 'दाम' होय. अकबराच्या काळी एका रुपयास चाळीस दाम मिळत. तेव्हा 'दमडीची किंमत देत नाही' या आपल्या प्रयोगाशी ते छान जुळते. ऑक्सफर्ड कोशाने ही कल्पना चातुर्याची खरी, पण वस्तुस्थितीचा आधार नसलेली, असा शेरा मारून बाजूला ठेवली. उत्तम वस्तूस 'द चीज' म्हणण्याच्या एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या रीतीचा संबंध यूलने फार्सी-हिंदुस्थानी 'चीज' या शब्दाशी जोडला, आणि ती सूचना मात्र कोशकारांना संभाव्य वाटली. एकाच ग्रंथातील एक तर्क टिकला, दुसरा पडला. तर्क करणाऱ्याच्या विद्वत्तेवरून निकाल लागला नाही.

तिसरा धागा निःसंशय आहे आणि तो महाराष्ट्रातील आहे. नाशिकजवळ देवळाली येथे १८६१ मध्ये ब्रिटिश सैन्याची संक्रमण छावणी स्थापन झाली. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची येथे वाट पाहत. जहाजे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत; ज्याची मुदत अवेळी संपे त्यास महिनोन्महिने येथे काढावे लागत. फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने १९३६ मधील आठवणींत या रिकामपणाचे वर्णन केले आहे : हत्यारे जमा झालेली, काम फारसे नाही, वेळ खायला उठलेला. वर्षानुवर्षे चोख वागलेली माणसे येथे गुन्हे करून तुरुंगात जात, काही रोगांनी इस्पितळात. अशा भ्रमिष्टपणास सैनिक 'डूलॅली टॅप' म्हणू लागले. 'डूलॅली' म्हणजे देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे 'तप', अर्थात आपला ताप. फ्रेझर व गिबन्स यांच्या १९२५ च्या सैनिकी शब्दकोशात हा प्रयोग नोंदलेला आहे.

देवळालीत वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा अर्थ आला, अशी सोपी कथा येथेही प्रचलित आहेच. परंतु रिचर्ड्सची साक्ष वाट पाहण्याची आहे. इंग्रज कानाला 'टॅप' म्हणजे टपली वाटली, म्हणून डोक्यावर टपली बसल्याचा भास त्यात मिसळला. पुढे 'टॅप' गळून पडला आणि नुसते 'डूलॅली' उरले. १९४८ च्या फेब्रुवारीत अखेरची ब्रिटिश तुकडी मुंबईहून निघून गेली. छावणीचे नाव इंग्लंडच्या बोलीत राहिले. आरंभी हा शब्द स्थलनाम म्हणून मोठ्या आद्याक्षराने छापीत. आजचे इंग्रजी कोश तो साध्या विशेषणासारखा लहान अक्षराने छापतात.